चालून राह्यलं

बाबा,

माय चालते, असं सरकारी दप्तरात लिहिलेलं आहे. ती चालत नाही. पलंगावरून मोरीपर्यंत जायचं तर एका बाजूनं वहिनी आणि दुसऱ्या बाजूनं भिंत लागते, आणि दिवाळीपासून तर तेही बंद आहे. हे तुम्हाला लिहायचं कारण एवढंच, की ज्यांना सांगायला हवं होतं त्या सगळ्यांना सांगून झालं. अकोल्यात सांगितलं, अमरावतीत सांगितलं, तोंडी सांगितलं, लेखी दिलं. प्रत्येक ठिकाणी समोरच्या माणसानं मान डोलावली. या मान डोलावण्याचा मला इतका वीट आला आहे, की आता ज्याची मान हलणारच नाही अशा माणसाला सांगावं म्हटलं. रागावू नका. तुम्ही होतात तेव्हाही मधे बोलत नसायचात, बोलणं संपल्यावर एखादंच वाक्य टाकायचात आणि ते नेमकं लागायचं.

माय मागच्या वर्षी अंगणात पडली. मेथीची जुडी निवडायला घेऊन पायरी उतरत होती. बागायतदाराची लेक, तिला बाजारातली निवडलेली भाजी चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि ते फुकट झालं, हे मी मुद्दाम लिहिते. सत्तरीपुढच्यांसाठी कार्ड आहे, ते दाखवलं, कुणी अडवलं नाही, डॉक्टर चांगले होते. इथवर सरकारला नावं ठेवायला जागा नाही. पण हाड जोडलं, टाके निघाले, घरी पाठवलं, आणि सरकारच्या लेखी तिथं ती बरी झाली. पुढचं सगळं वर्ष कार्डात बसत नाही. व्यायाम शिकवायला येणारा माणूस बसत नाही, उठवताना पाठ धरणारी बाई बसत नाही. पडून पडून माकडहाडावर जी जखम होते ती तर मुळीच बसत नाही, कारण त्या जखमेसाठी भरती व्हावं लागतं आणि भरती करायला ती जखम पुरेशी मोठी नसते. मोठी झाली की या, असं एकानं मला खरोखर सांगितलं. तो थट्टा करत नव्हता.

पैसे देऊन बाई लावून पाहिली. थोडे दिवस आली, मग तिला नागपूरला काम मिळालं. भाऊ दिवसभर दुकानात, मी अमरावतीत, म्हणजे सगळं वहिनीच्या अंगावर. वहिनीच्या स्वतःच्या गुडघ्यांचं काय झालं आहे हे ती सांगत नाही आणि मी विचारायला घाबरते. मी दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जाते. साठी उलटून गेली, पेपरातल्या नोकरीतून सुटले, पण आठवड्याचा एक लेख अजून लिहिते आणि तो वेळेवर देते. वेळेवर देण्याची सवय अंगात इतकी मुरली आहे, की बाकीचं जग वेळेवर काहीच का देत नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मग कुणीतरी सांगितलं, की अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घरभेट सुरू झाली आहे. सरकारी नर्स घरी येते, जखम धुते, साखर तपासते, रक्तदाब बघते. मायचं नाव घातलं, आणि ती आली. दर मंगळवारी यायची. मला तो शब्दच आवडला बाबा, घरभेट. त्या शब्दात मला तुम्ही दिसलात.

हिवताप खात्यातली तुमची नोकरी. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात काचपट्ट्यांची पेटी, सुया आणि स्पिरिटचा बोळा. मूर्तिजापूरकडच्या खेड्यांत सायकलवर घर न घर फिरायचात, कुणाला ताप आहे का विचारायचात, बोटाचं रक्त काचेवर घ्यायचात आणि दाराजवळच्या भिंतीवरच्या चौकटीत येऊन गेल्याची तारीख टाकायचात. संध्याकाळी घरी आलात की माय ती पेटी स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. "लोकायचं रगत माह्या भाकरीजवळ नका आनू," असं रोज म्हणायची आणि तुम्ही रोज विसरून पेटी आतल्या ओट्यावर ठेवायचात. मला वाटतं तुम्ही विसरत नव्हता. ती चिडली की तिच्या कपाळावर एक उभी रेघ यायची, ती बघायला ठेवायचात. सरकार तेव्हा सायकलवर होतं, फाटकं होतं, पण ते दारात यायचं. आता त्याच्याजवळ गाड्या आहेत, आणि ते म्हणतं, तुम्हीच या.

एकदा सुट्टीत तुमच्या सायकलवर मागे बसून मी एका खेड्यात आले होते. ओसरीवर बाजेवर एक म्हातारा गोधडी घेऊन बसलेला. तुम्ही विचारलंत, काय म्हन्ते तब्येत? तो म्हणाला, "काई नाई सायेब, बरं हाय." तुम्ही पुढे होऊन त्याच्या मानेला हात लावलात आणि हसलात. "बरं हाय म्हन्ते! लेका, भाकर भाजून निघंल इथं." म्हातारा लाजला. बाजेमागे उभी असलेली त्याची सून तोंडाला पदर लावून हसली, आणि मग तिनंच सगळं सांगितलं, ताप केव्हापासून, थंडी किती वाजता वाजते, जेवण किती तुटलं. आपला माणूस आपलं दुखणं सांगत नाही. दारात पाहुणा आला की तो आधी बसा म्हणतो, मग चहा सांगतो, आणि स्वतःचं विचारलं की बरं हाय म्हणतो. तसं नाही म्हटलं तर पाहुण्याचा अपमान झाल्यासारखं वाटतं त्याला.

हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून मला तुमचा राग येतो. त्या सकाळी तुम्ही ओवा मागून घेतलात, छातीवरून हात फिरवत खुर्चीत बसलात आणि पेपर उघडलात. मी विचारलं, बाबा, काय होऊन राह्यलं? तुम्ही पान उलटत म्हणालात, "काई नाई, ग्यास झाला." दुपारी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नोकरीतून मोकळे होऊन वर्षही झालं नव्हतं. सगळ्या तालुक्याच्या मानेला हात लावत फिरलेला माणूस स्वतःच्या घरी ग्यास झाला म्हणतो. इतकी वर्षं झाली तरी ते वाक्य आठवलं की मला रडू येत नाही, चीड येते.

तर मायची घरभेट. नर्सबाई यायची, वहिनी चहा ठेवायची, जखम हळूहळू कोरडी होत होती. मग कुणीतरी वरून ठरवलं, की यादीतली माणसं खरंच अंथरुणावर आहेत का ते डॉक्टरनं एकदा जाऊन पाहावं. ठरवणं चूक नव्हतं. एक तरुण डॉक्टर आला. नवीनच लागलेला, कोल्हापूरकडचा, बोलायला गोड. आणि डॉक्टर येणार म्हटल्यावर मायनं काय करावं? सकाळी वहिनीकडून वेणी घालून घेतली, ठेवणीतलं नऊवारी नेसून घेतलं, पाठीशी दोन उशा लावून पलंगावर ताठ बसली. जखमेवर जोर येतो म्हणून तिला तसं बसायला मनाई होती. डॉक्टर पलंगाजवळ आला आणि म्हणाला, "काय आजी, चालणं-फिरणं कसं काय?"

मायला कमी ऐकू येतं. तिला शेवटचं "कसं काय" तेवढं ऐकू आलं. आणि आपल्याकडे कसं काय म्हटलं की माणूस जे म्हणतो तेच ती म्हणाली. "चालून राह्यलं बापा."

बाबा, तुम्हाला काही समजावून सांगायची गरज नाही. चालून राह्यलं म्हणजे दिवस ढकलणं चालू आहे, चूल पेटते आहे, तुम्ही विचारलंत हेच पुष्कळ. वऱ्हाडातलं कुणीही ऐकलं असतं तर दुसरा प्रश्न विचारला असता. त्या लेकरानं ऐकलं आणि कागदावर लिहिलं, रुग्ण चालते. मायला चालायचंच म्हणायचं असतं तर ती चालून राह्यली म्हणाली असती. राह्यलं आणि राह्यली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातले अनुस्वार आणि वेलांट्या तपासून पोट भरलं, आणि माझ्या आईची सगळी देखभाल एका अनुस्वारावर अडकली, आणि तो तपासायला मी तिथं नव्हते.

वहिनी होती. दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी फोनवर तिला विचारलं, तू का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "ताई, परक्या माणसापुढे मी सासूबाईंना खोटं कसं पाडू? त्या एवढ्या साजऱ्या बसल्या होत्या." मी तिच्या जागी असते तर मीही ट्रे धरून उभी राहिले असते.

पुढच्या मंगळवारी नर्सबाई आली नाही. त्याच्या पुढच्याही आली नाही. वहिनीला वाटलं सुट्टी असेल, मग फोन केल्यावर कळलं, रुग्ण चालते म्हणून नाव यादीतून काढलं. वहिनी स्वतःच जखम धुवायला लागली, जसं बघितलं होतं तसं. रविवारी मी गेले तेव्हा खोलीत शिरल्याबरोबर मला वास आला. उदबत्ती लावलेली होती, तिच्या खालून येत होता. मायला कुशीवर केलं आणि पाहिलं. ते मी लिहीत नाही. तुम्ही असतात तर तुम्हाला दाखवलं असतं.

त्या दिवशी मी मायवर ओरडले. हे पहिल्यांदाच घडलं असेल. "तू काहून सांगितलं त्याले चालून राह्यलं म्हनून?"

"मंग काय सांगू वं? पोट्टं एवढ्या दुरून आलं, बसलंबी नाई धड, अन् मी त्याच्यापाशी रडत बसू?"

"माय, तो डॉक्टर होता. त्याच्यापाशीच रडायचं असते."

"डाक्तर असंन त्याच्या घरी. माह्या घरी तो पाहुना होता." मग थोड्या वेळानं, मी जखम पुसत असताना, तिकडे तोंड करूनच, "चहा तरी पेला का त्यानं? तुह्यी वयनी सांगत नाई."

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला परतले नाही. घरभेटीची यादी ठेवणाऱ्या कार्यालयात गेले. तिथला कारकून बोलायला चांगला होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, नोंद चुकली आहे, दुरुस्त करा. तो म्हणाला, "होते न दुरुस्त. फेरतपासणी लागते. पेशंटला घेऊन या."

"ती येऊ शकत नाही, हेच तर मी सांगते आहे."

"हो मॅडम, पन येऊ शकत नाही हे पाहाले त्यायले आनावं लागंन न." मग त्यालाच ते ऐकून कसंतरी वाटलं असावं. पुढे वाकून हळू म्हणाला, "माही माय बी अशीच. रक्तदाब वाढलेला अस्ते अन् म्हन्ते ठनठनीत हाओ. काय करता. कागद माह्या हातात नाई."

डॉक्टरला परत घरी पाठवा म्हटलं, तर डॉक्टर एक आणि गावं पुष्कळ. फोनवर व्हिडिओ दाखवते म्हटलं, तर तशी सोय नाही. नर्सबाईला विचारा म्हटलं, ती इतके मंगळवार जखम धूत होती, तर नर्सचं मत त्यात धरत नाहीत.

म्हणून आम्ही मायला नेलं. भावानं दुकान बंद ठेवलं, गल्लीतल्या दोघांना बोलावलं, खुर्चीत बसवून खुर्चीसकट ऑटोपर्यंत आणलं. माय वाटेत सगळ्यांना सांगत होती, "माही वरात काढली पाहा यायनं." पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट असते, म्हणून एकानं वर जोड दिली, "आजी, एसटीनंच गेलो असतो न फुकटात." ती म्हणाली, "बसची पायरी तुह्या बापानं बनवली काय एवढी उंच? त्याले म्हना खाली कर, मंग येतो." ऑटोतला प्रत्येक खड्डा तिच्या चेहऱ्यावर दिसत होता आणि ती बोलत होती, गमती करत होती. ज्येष्ठांची तपासणी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. लिफ्ट आहे. त्या दिवशी चालू नव्हती, खुर्ची जिन्यानं चढवली. ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी रांग, अशी पाटी आहे, आणि ती रांग बाकीच्या रांगेहून लांब आहे, कारण सकाळी दवाखान्यात येणारं अर्धं गाव ज्येष्ठच असतं. कुणाला हे दिसलं नसेल असं नाही. पाटी लावण्याचं काम होतं, पाटी लागली.

आणि मग ते झालं. आमचा नंबर आला, आत डॉक्टर वेगळे होते, वयानं मोठे, पिकल्या केसांचे. माय त्यांना बघून उठायला गेली. डॉक्टरसमोर बसून कसं बोलायचं? तिनं टेबलाची कड धरली, वहिनीचा खांदा धरला, आणि उभी राहिली. एवढ्या महिन्यांत राहिली नव्हती ती, डॉक्टरांना मान द्यायला राहिली. पाय थरथरत होते, लुगड्याच्या निऱ्या हलताना दिसत होत्या. डॉक्टर कागदावरून मान वर करून म्हणाले, "अरे वा, उभ्या राहतात की आजी." मी काही बोलायच्या आत मायनं हात जोडले.

मी समजावलं. शांतपणे, जसं आयुष्यभर समजावत आले तसं. त्यांनी जखम पाहिली, औषध बदललं, आणि घरभेटीबद्दल म्हणाले की आधाराने चालतात असा रकाना आहे, त्यात टाकतो, पण त्या रकान्याला घरभेट नाही. घरी आल्यावर माय आठवडाभर कुशीवरून हलली नाही. तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही, की उभी राहिलीस म्हणून नाव गेलं. तिनं सभ्यपणाच केला होता.

तुम्हाला माझी पहिली बातमी आठवते? अमरावतीत नोकरीला लागले तेव्हाची, एका गावात तापाची साथ होती. मी परिस्थिती नियंत्रणात असं लिहिलं होतं. तुम्ही पेपर दुमडून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "कोनाच्या नियंत्रनात? घरात गेली होती काय तू?" तो शब्द मी त्यानंतर कुणाच्या बातमीत राहू दिला नाही. कापत गेले. पण तो परत येतो बाबा, नवे कपडे घालून येतो. आता तो सकारात्मक झाला आहे.

कारण अमरावतीत विभागीय पातळीवर बैठक होती, ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी, आणि लेख लिहिते म्हणून मला बोलावलं होतं. मी तयारी करून गेले. म्हटलं, जो माणूस येऊ शकत नाही त्याच्यासाठीच्या सेवेला येऊन दाखवा ही अट लावू नका. वय विचारा, चालता येतं का हे विचारूच नका. अमुक वयापुढचं माणूस ज्या घरात आहे त्या घरी महिन्यातून एकदा तरी कुणी गेलंच पाहिजे, अर्ज केला म्हणून जायचं नाही, वार ठरला म्हणून जायचं. म्हाताऱ्याचं ऐका, पण त्याच्यावर थांबू नका, सुनेला बाजूला घेऊन विचारा. इथली बोली कळणारं माणूस डॉक्टरबरोबर पाठवा. रक्तदाबाची, साखरेची गोळी आयुष्यभर घ्यायची असते हे तुम्हीच सांगता, मग ती आठवड्याआठवड्याची का देता? चांदूर रेल्वेकडची एखादी म्हातारी दर आठवड्याला त्यासाठी रांगेत का उभी राहते? महिन्याची द्या, आणि गावातल्या उपकेंद्रात द्या. म्हाताऱ्यांची तपासणी तळमजल्यावर आणा, याला तर पैसाही लागत नाही, टेबल उचलून खाली ठेवायचं. आणि ऑपरेशन झाल्यावरचं वर्ष कार्डात घ्या, कारण हाड जोडायचा खर्च करून माणूस जखमेनं घालवायचा असेल तर पहिला खर्च कशाला केला?

मी आवाज चढवला नाही. बाहेर कधीच चढवत नाही, तुम्हाला माहीत आहे. आता वाटतं चढवायला हवा होता. एकजण म्हणाले, अतिशय मौलिक सूचना. दुसरे म्हणाले, निवेदनाच्या स्वरूपात द्या. मी म्हटलं, दिलं आहे, आधीही दिलं आहे. मुख्य साहेब म्हणाले, शासन या बाबतीत सकारात्मक आहे. आणि मग समोसे आले.

खरं सांगायचं ते पुढे आहे. चहाच्या वेळी तेच साहेब कप घेऊन माझ्याकडे आले. चांगले आहेत, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणाले, "मॅडम, तुमचे लेख मी नेहमी वाचतो. धोरणाला वेळ लागतो, तुम्ही जाणताच. पण मातोश्रींचं मी बघतो. पत्ता मेसेज करा."

नको म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, चांगलं वाक्य होतं: माझ्या आईचं नको, सगळ्यांच्या आईचं करा. लेखात ते शेवटी टाकलं असतं तर शोभलं असतं. पण माझ्या नाकात तो खोलीतला वास होता. मी पर्समधून फोन काढला आणि तिथंच उभं राहून पत्ता लिहिला. गल्लीची खूण लिहिली, दाराचा रंग लिहिला, पिनकोडसुद्धा टाकला.

त्याच आठवड्यात नर्सबाई आली. तीच, जुनी. वहिनीनं चहा ठेवला. आता ती दर मंगळवारी येते, कधी कधी शुक्रवारीही, जखम पुन्हा कोरडी पडते आहे, कडेनं गुलाबी कातडी यायला लागली आहे. माय तिला म्हणते, "चालून राह्यलं बाई," आणि ती म्हणते, "राहू द्या आजी, कुशीवर व्हा."

आपल्या समोरच्या घरातले काका, ज्यांची फुलांची बाग होती, शेवंती घेऊन पहाटे बाजारात जायचे, त्यांना लकवा मारून आता बरेच दिवस झाले. बोलणं गेलं, एक बाजू गेली. काकू एकट्या करतात, आणि काकू मायहून फार लहान नाहीत. मी नर्सबाईला म्हटलं, आलीच आहेस तर समोर एकदा बघ. ती ओशाळली. "ताई, मला फक्त तुमचंच घर सांगितलं आहे. समोर गेले तर तिथं का गेलीस विचारतील." तिची चूक नाही. तिला वार दिला आहे, घर दिलं आहे. मी तिला पुन्हा म्हटलं नाही. मला भीती वाटली, की फार ताणलं तर आमचंही बंद होईल. ही भीती मला वाटली, बाबा, मला.

नंतर माझा लेख आला. बैठकीत बोलले ते सगळं त्यात आहे, कारकुनाचं वाक्य आहे, लिफ्ट आहे, रांग आहे. नावं नाहीत. मायचं उभं राहणं आहे. लोकांचे फोन आले, पुष्कळांनी आपापल्या आईवडिलांचं सांगितलं, एक गृहस्थ तर फोनवर रडले. साहेबांनीही मेसेज केला, परखड आणि संतुलित. चहाचा कप, पत्ता आणि पिनकोड त्यात नाही. जागा कमी पडली असं नाही. इतकी वर्षं जागा मोजते, जागा होती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही. पण गेल्या रविवारी काकू आल्या होत्या. पेपरातून लेख कापून, नीट घडी करून पदराखाली धरून आणला होता. मायच्या पलंगाशी बसल्या, घडी उलगडून मला दाखवली. म्हणाल्या, "लय बेस लिवलं वं पोरी. तुह्यं पेपरात आलं अन् त्यायनं पाहा कसं लगेच तुमच्याकडं नर्स पाठवली. आता आमच्याकडंबी येईन न? समोरच तं हाय घर."

नर्स आधी आली आणि लेख नंतर, हे मी त्यांना सांगितलं नाही. येईल, असं म्हणाले.